मॉन्ट्रियल प्रोटोकॉल

मॉन्ट्रियल प्रोटोकॉल म्हणजे ओझोनचा थर खाणाऱ्या रसायनांचं उत्पादन आणि खप टप्प्याटप्प्याने बंद करायला लावणारा आंतरराष्ट्रीय करार. १६ सप्टेंबर १९८७ ला कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये सह्या झाल्या, १ जानेवारी १९८९ पासून लागू झाला आणि आज त्याचे १९८ पक्षकार आहेत, म्हणजे युनोचे झाडून सगळे देश, वर व्हॅटिकन, कुक आयलंड्स, युरोपियन युनियन वगैरे. आंतरराष्ट्रीय कायदा म्हटलं की आपल्याकडे लगेच "त्याला विचारतो कोण, पोलीस नाही की जेल नाही" असं बोललं जातं, आणि ते बऱ्याच बाबतीत खरंही आहे, पण या एका करारापुढे ते वाक्य अडखळतं. तो का चालला हे बघायचं तर आधी फ्रिजमधल्या गॅसपासून सुरुवात करावी लागते.

पूर्वी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असायचं. गळती झाली की माणसं मरायची. १९२८ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन म्हणजे सीएफसी हा पर्याय काढला. विषारी नाही, पेट घेत नाही, वास नाही, कशाबरोबर रिअ‍ॅक्ट होत नाही. १९३० मध्ये मिजलीने तो गॅस सगळ्यांसमोर छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. (पेट्रोलमध्ये शिसं घालायची आयडियाही याच माणसाची, एकाच माणसाच्या नावावर असे दोन उद्योग क्वचितच सापडतील.) पुढची चाळीस-पन्नास वर्षं हा गॅस फ्रिज, एसी, डिओचे स्प्रे, गादीचा फोम, दम्याचे पंप असा सगळीकडे शिरला.

भानगड नेमकी त्याच्या गुणातच होती. कशाशीच रिअ‍ॅक्ट होत नाही म्हणून तो खाली कुठे संपत नाही, वर वर जात राहतो. सीएफसी-११ साधारण पन्नास वर्षं टिकतो, सीएफसी-१२ शंभरेक वर्षं. स्ट्रॅटोस्फियरमध्ये, म्हणजे ओझोनचा थर जिथे आहे त्या वरच्या हवेत, पोचल्यावर तिथल्या कडक अतिनील किरणांनी तो फुटतो, क्लोरीनचा अणू सुटा होतो आणि तो एकटा अणू हजारो ओझोन रेणू मोडून पुन्हा मोकळाच. हे गणित मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी १९७४ मध्ये मांडलं. कंपन्यांनी अर्थातच उडवून लावलं. या दोघांना पॉल क्रुट्झन यांच्यासोबत १९९५ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण ते वीसएक वर्षांनी.

इथे एक गोंधळ मिटवलेला बरा, कारण शाळेच्या निबंधापासून टीव्हीपर्यंत सगळीकडे तो असतो. ओझोनचं भोक पडलं म्हणून पृथ्वी तापते असं नाही. ओझोन कमी झाला की अतिनील किरणं जास्त येतात, त्याने त्वचेचा कॅन्सर, मोतीबिंदू, पिकांचं नुकसान. तापमानवाढ ही वेगळी गोष्ट. दोन्हींचं नातं एवढंच की ओझोन खाणारे हेच गॅस उष्णता अडवण्यातही कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट तगडे आहेत.

मे १९८५ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या जो फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन यांनी अंटार्क्टिकातल्या हॅली स्टेशनवरची मोजमापं छापली आणि दक्षिण ध्रुवावर वसंतात ओझोन पार घसरतो हे जगाला कळलं. त्याआधी दोनच महिने, २२ मार्च १९८५ ला, व्हिएन्ना करार झाला होता, पण तो म्हणजे "आपण लक्ष ठेवू, माहिती देऊ-घेऊ" इतपतच, त्यात कुणावर कसलंच आकडेवारीचं बंधन नव्हतं. आंतरराष्ट्रीय कायद्यात ही पद्धतच आहे, आधी बिनदाताचा मूळ करार करायचा आणि दात नंतर प्रोटोकॉलमध्ये बसवायचे. बहुतेक वेळा दात येतच नाहीत. इथे अडीच वर्षांत आले.

आणि गंमत म्हणजे तेव्हा पुरावा पक्का नव्हता. भोक आहे हे माहीत होतं, पण ते सीएफसीमुळेच पडलं हे छातीठोकपणे सांगणारी विमानातली मोजमापं चिलीच्या पुंता अरेनासहून अगदी त्याच ऑगस्ट-सप्टेंबर १९८७ मध्ये चालू होती. वाटाघाटी त्यासाठी थांबल्या नाहीत. पूर्ण खात्री होईपर्यंत थांबलो तर उशीर होईल, तेव्हा आत्ताच लगाम घालू, हा विचार आज सावधगिरीचं तत्त्व म्हणून पर्यावरण कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात असतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख, इजिप्तचे मुस्तफा तोल्बा, यांनी सगळ्यांना टेबलावर बसवून ठेवलं, अमेरिकेकडून रिचर्ड बेनेडिक होते. रेगन सरकारातल्या एका मंत्र्याने टोपी आणि गॉगल वापरा की, अशी लाइन धरल्याचं तेव्हा बाहेर आलं आणि त्याची भरपूर टर उडाली.

पहिला करार तसा बेताचाच होता. पाच सीएफसी आणि तीन हॅलॉन, बस. सीएफसी शतक संपेपर्यंत निम्म्यावर आणायचे आणि हॅलॉन (आग विझवायच्या सिलेंडरमधले) आहेत तिथे थोपवायचे. नुसत्या या आकड्यांनी ओझोन वाचला नसता. खरी करामत बाकीच्या कलमांत आहे.

पहिलं, कलम ४. जो देश करारात नाही त्याच्याशी या रसायनांचा व्यापार सदस्यांनी करायचा नाही, ना विकायचं ना घ्यायचं. म्हणजे बाहेर राहून स्वस्तात माल विकून पैसे करू म्हणणाऱ्याला गिऱ्हाईकच नाही. आंतरराष्ट्रीय करारांचा कायमचा रोग हा की जो बाहेर राहतो तो फुकटात फायदा घेतो, इथे उलटं झालं, बाहेर राहणं महाग पडायला लागलं आणि जसजसे मोठे देश आत आले तसतसं बाहेरच्यांचं आणखी अवघड होत गेलं.

दुसरं कलम ५. ज्या विकसनशील देशांचा खप माणशी ०.३ किलोपेक्षा कमी आहे त्यांना दहा वर्षांची सवलत. भोक पाडलं श्रीमंत देशांनी, आपल्याकडे तेव्हा गल्लीत एखाद्याकडे फ्रिज, मग नियम दोघांना सारखा कसा लावणार? जबाबदारी सगळ्यांची पण वाटा ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे, हे तत्त्व पुढे हवामान करारांत गाजलं, त्याचा इतका चोख हिशोब त्याआधी फारसा कुठे दिसत नाही.

तरीही भारत आणि चीन सुरुवातीला बाहेरच राहिले, आणि बरोबर केलं असं आता मागे वळून बघताना म्हणावं लागतं. नवीन गॅसचं पेटंट पाश्चात्त्य कंपन्यांकडे, जुना बंद करा म्हणजे नवा त्यांच्याकडून विकत घ्या, याला पर्यावरण रक्षण म्हणायचं की गिऱ्हाईक पकडणं? १९९० च्या लंडन बैठकीत तेव्हाच्या पर्यावरण मंत्री मनेका गांधी यांनी पैसे आणि तंत्रज्ञान दोन्हींचा मुद्दा लावून धरला. तिथून निघाला तो बहुपक्षीय निधी, म्हणजे विकसनशील देशांच्या बदलाचा खर्च श्रीमंत देशांनी भरायचा. पहिल्या तीन वर्षांना १६ कोटी डॉलर आणि भारत-चीन आले तर वरचे ८ कोटी, असा सरळ हिशोब मांडला गेला. चीन १९९१ मध्ये आला, भारत १९९२ मध्ये. निधीच्या कार्यकारी समितीत सात विकसित आणि सात विकसनशील देश, आणि मतदानाची वेळ आलीच तर दोन्ही गटांत बहुमत लागतं, म्हणजे पैसे देणारा एकटा मालक नाही. वर्ल्ड बँकेत वगैरे असं चित्र दिसत नाही.

तिसरी गोष्ट वकिलांना सगळ्यात आवडणारी. साधारणपणे करारात बदल केला की प्रत्येक देशाने तो पुन्हा मंजूर करायचा, त्यात दहा-दहा वर्षं जातात. इथे नवीन रसायन यादीत घालायचं असेल तर तसंच करावं लागतं, पण यादीत आधीच असलेल्या रसायनाची मुदत अलीकडे आणायची असेल तर दोन तृतीयांश बहुमताने ठरवता येतं आणि ते विरोधात मत देणाऱ्यालाही बांधतं. एखाद्या सार्वभौम देशाला त्याच्या मनाविरुद्ध नवं बंधन लागू होणं ही आंतरराष्ट्रीय कायद्यात छोटी गोष्ट नाही! प्रत्यक्षात बहुतेक सगळं एकमतानेच होतं, पण हे हत्यार टेबलाखाली आहे हे सगळ्यांना माहीत असतं. याच सोयीमुळे निम्म्यावरून लंडनला (१९९०) पूर्ण बंदी झाली, मग कोपनहेगनला (१९९२) विकसित देशांची मुदत आणखी अलीकडे, १९९६ वर आली. शास्त्रज्ञांचा नवा अहवाल आला की मुदती हलवायच्या, अशी ती पद्धत.

कंपन्यांचं काय? जगातली सगळ्यात मोठी सीएफसी उत्पादक ड्यूपाँट आधी विरोधात होती आणि १९८८ मध्ये आम्ही उत्पादन थांबवणार म्हणून तिनेच जाहीर केलं. उपरती वगैरे काही नाही. सीएफसीचं पेटंट कधीच संपलेलं, कुणीही बनवत होतं, नव्या गॅसमध्ये मार्जिन जास्त. शिवाय सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या जगभरात मोजक्या, म्हणून हे जमलं. कोळसा-तेलाचं तसं नाही, ते प्रत्येकाच्या चुलीत आणि गाडीत आहे, त्यामुळे "मॉन्ट्रियलला जमलं मग क्योटो-पॅरिसला (म्हणजे तापमानवाढीवरच्या करारांना) का नाही" हा प्रश्न ऐकायला बरा असला तरी तुलना लंगडी आहे.

भारतात २००० साली या रसायनांचे नियम आले, सीएफसीचं उत्पादन १ ऑगस्ट २००८ ला मुदतीच्या १७ महिने आधी थांबलं, फक्त दम्याच्या पंपांपुरती सूट राहिली. त्यानंतर आर-२२, म्हणजे एचसीएफसी (हायड्रोक्लोरोफ्लुरोकार्बन). तुमच्याकडे जुना एसी असेल तर त्याच्या स्टिकरवर हे दिसेल, मेकॅनिक "बावीस नंबर भरावा लागेल" म्हणतो तो हाच. हा सीएफसीपेक्षा बराच सौम्य पण निर्दोष नाही, म्हणून तोही जातोय. त्याच्या जागी एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) आले, आर-१३४ए, आर-४१०ए, आर-३२. यांच्यात क्लोरीनच नाही त्यामुळे ओझोनला धक्का नाही, पण उष्णता अडवण्यात हे भारी, आर-४१०ए कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ २,१०० पट. म्हणजे एक खड्डा बुजवायला दुसरीकडची माती उकरली.

त्यावरचा उपाय म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला दुरुस्ती झाली. एचएफसी ओझोनला हात लावत नाहीत तरी ओझोनच्या करारात घेतले, कारण यंत्रणा तयार होती, निधी होता, सवय होती. हे नीट पाळलं तर शतकाअखेर अर्ध्या अंशापर्यंत तापमानवाढ टळू शकते असा अंदाज आहे. भारताच्या बाजूने तेव्हाचे पर्यावरण मंत्री अनिल माधव दवे होते. ठरलं असं की चीन आणि बरेच विकसनशील देश एचएफसीचा खप २०२४ ला आहे तिथे थोपवणार, भारत, पाकिस्तान आणि काही आखाती देश २०२८ ला, आणि २०४७ पर्यंत भारताने ८५ टक्के कपात करायची. भारताने २०२१ मध्ये हे मंजूर केलं. आपल्याकडे वेगळी वाटही धरलेली आहे, गोदरेजने सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात आर-२९०, म्हणजे चक्क प्रोपेनवर चालणारे एसी बनवले, त्याचा तापमानवाढीचा आकडा जवळपास नसल्यात जमा. पेट घेतो ही अडचण आहेच, मेकॅनिक शिकलेला लागतो.

लबाडी झाली नाही असं नाही. नव्वदच्या दशकात विकसित देशांत बंदी आणि इतरत्र परवानगी असल्यामुळे सीएफसीचं स्मगलिंग जोरात होतं, मायामी बंदर त्यासाठी बदनाम. मग २०१८ मध्ये शास्त्रज्ञांना दिसलं की २०१० पासून जगभर बंद असलेल्या सीएफसी-११ चं उत्सर्जन २०१२ नंतर चक्क वाढलंय. कोरिया आणि जपानमधल्या हवा मोजणाऱ्या केंद्रांनी माग काढला तो पूर्व चीनमधल्या शानडाँग आणि हेबेई प्रांतांपर्यंत, तिकडे फोम बनवणारे चोरून वापरत होते. बोंब झाली, धाडी पडल्या आणि आकडा पुन्हा खाली आला. करारात शिक्षेचा भाग मवाळच आहे, चुकलेल्या देशाला दहा सदस्यांच्या समितीपुढे बोलावतात, का चुकलं ते विचारतात, वेळापत्रक घालून देतात, लागली तर मदत देतात. सोव्हिएत संघ फुटल्यावर रशियाला असंच सांभाळून घेतलं. पण हवेतला गॅस खोटं बोलत नाही, आणि त्यामुळे कागदावरचा आकडा फार दिवस खोटा ठेवता येत नाही.

अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या आसपास १९८० च्या पातळीला येईल, ध्रुव सोडून बाकी जगात २०४० पर्यंत, असं २०२२ च्या शास्त्रीय अहवालात म्हटलंय. तोपर्यंत भोक दरवर्षी पडत राहणार, कधी मोठं कधी छोटं, आणि मोठं पडलं की करार फसला अशा बातम्याही येत राहणार.

एक फट मात्र अजून तशीच आहे. करारात "खप" म्हणजे उत्पादन अधिक आयात वजा निर्यात, म्हणजे गॅस किती बनला-फिरला ते मोजतात, आधीच फ्रिजमध्ये आणि फोममध्ये बसलेला गॅस बाहेर सोडायला करार मनाई करत नाही. तो काढून घेऊन जाळायचा तर खर्च कोणी करायचा हे प्रत्येक देशावर सोडलंय. त्यामुळे १९९० सालचा फ्रिज भंगारात जातो तेव्हा तांब्याच्या भावासाठी भंगारवाला आधी कॉम्प्रेसरची नळी कापतो, फुस्स आवाज होतो आणि आतला सीएफसी-१२ पुढच्या शंभर वर्षांसाठी हवेत.