खनिजाचा पैसा: उत्पन्न की मुद्दल?

गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतला खनिज माल बार्जमधून मांडवी-जुवारीमार्गे मुरगाव बंदरात जाऊ लागला, की त्यावरची रॉयल्टी सरकारच्या महसुली जमेत पडते आणि पगार-पेन्शनसकट चालू खर्चात विरघळून जाते. हिशेब ठेवायला हे सोयीचे असले, तरी अर्थशास्त्राला ते मान्य नाही. कुळागरातली, म्हणजे पोफळीच्या बागेतली, सुपारी विकली तर पुढच्या वर्षी पुन्हा पीक येते. कुळागरच विकून टाकले, तर हाती आलेली रक्कम हे उत्पन्न नसून मुद्दल असते. जॉन हार्टविक या अर्थतज्ज्ञाने १९७७ मध्ये हाच विचार गणिताने मांडला: संपणाऱ्या साधनसंपत्तीतून मिळणारा सगळा अधिलाभ (ती काढण्याचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम) टिकाऊ भांडवलात गुंतवला, तरच पुढच्या पिढ्यांचे राहणीमान घसरत नाही.

गोव्यात या विचाराला न्यायालयीन आधार मिळाला तो २१ एप्रिल २०१४ रोजी. खाणबंदीच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेपैकी १० टक्के रक्कम एका कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला.

पैसा नुसता साठवून गरिबी हटत नाही, हेही खरे. पोर्तुगीज राजवटीतूनच गेलेल्या पूर्व तिमोरने २००५ मध्ये, नॉर्वेचा आदर्श समोर ठेवून, पेट्रोलियम निधी स्थापला. निधीतली शिल्लक आणि भविष्यातले अपेक्षित तेल-उत्पन्न मिळून जी एकूण संपत्ती होते, तिच्या ३ टक्के एवढीच रक्कम दरवर्षी काढणे टिकाऊ ठरते, असा तिथला हिशेब आहे. प्रत्यक्षात सरकारने वर्षानुवर्षे त्याहून जास्त पैसा काढला. दारिद्र्यरेषेखालील लोकांचे प्रमाण २००७ मधील सुमारे ५० टक्क्यांवरून २०१४ मध्ये सुमारे ४२ टक्क्यांवर आले खरे, पण एवढ्या उपशाच्या मानाने ही घट मला तोकडी वाटते. तरीही जास्त उचल हाच दोष म्हणता येणार नाही. जिथे शाळा आणि दवाखानेच अपुरे आहेत, तिथे परदेशी रोख्यांपेक्षा मुलांच्या शिक्षणावर लावलेला पैसा अधिक परतावा देऊ शकतो. बोत्सवानाने हिऱ्यांच्या उत्पन्नातून रस्ते आणि शिक्षण उभे केले, ते याच विचाराने.

दुसरा धोका खनिजांच्या भावातल्या चढउताराचा. तेजीच्या काळात माणसे आणि भांडवल खाणीकडे ओढले जाते आणि शेतीसारखे इतर व्यवसाय मागे पडतात. नेदरलँड्समध्ये नैसर्गिक वायू सापडल्यानंतर तिथल्या कारखानदारीची अशीच पीछेहाट झाली, म्हणून या प्रकाराला ‘डच आजार’ म्हणतात. चीनची लोहखनिजाची मागणी वाढली तेव्हा गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या कितीतरी कुटुंबांनी कर्ज काढून ट्रक घेतले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले, हप्ते थकले आणि अखेर सरकारला कर्जदारांसाठी दिलासा योजना आणावी लागली.

२०१५ च्या कायदादुरुस्तीने आलेला जिल्हा खनिज प्रतिष्ठान हा निधी वेगळ्या कामाचा आहे. जुन्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावातून दिलेल्यांवर १० टक्के एवढी जादा रक्कम त्यात जमा होते, आणि ज्यांच्या शेतात खाणीचा गाळ आला, विहिरी आटल्या, त्यांच्यासाठी ती खर्च व्हायची असते. कायम निधी उद्याच्यांचा, प्रतिष्ठान आजच्या बाधितांचे. दोन्हींचे हिशेब वेगळे मांडले गेले पाहिजेत. रॉयल्टी आणि लिलावातल्या बोलीचा हिस्सा मात्र अजूनही महसुली जमेतच जातो, आणि त्यातले मुद्दल किती हे अर्थसंकल्पाच्या कोणत्याही रकान्यावरून कळत नाही.