सुत्तोले (बेळगाव सीमाभागातल्या मराठी शाळा)

सुत्तोले म्हणजे परिपत्रक. कन्नडमध्ये सुत्तु म्हणजे फेरा आणि ओले म्हणजे ताडाच्या पानावरची चिठ्ठी, म्हणजे फिरत फिरत आलेली चिठ्ठी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या सरकारी मराठी शाळांत शिक्षण खात्याकडून जे काय येतं, नवी योजना असो, ग्रँट असो, जेवणातला बदल, स्कॉलरशिपची शेवटची तारीख, मुलांच्या गोळ्या नाहीतर पावसाची सुट्टी, ते सगळं सुत्तोले होऊन येतं आणि कन्नडमध्ये येतं. शाळा मराठी, पुस्तकं मराठी (ती सुद्धा कर्नाटक सरकारच छापतं), घरी बोलणं मराठी, आणि सरकारचा निरोप तेवढा कन्नड.

बेळगाव हा महसुलाला एकच जिल्हा पण शिक्षण खात्याला दोन, बेळगाव आणि चिकोडी, दोन्हीकडे वेगळे डीडीपीआय म्हणजे उपसंचालक. त्यांच्या खाली बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या खाली दहावीस शाळा बघणारे सीआरपी आणि मग हेडमास्तर. बेंगळूरहून निघालेला कागद याच पायऱ्या उतरत येतो, पूर्वी टपालानं यायचा, आता व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते. हेडमास्तरपर्यंत तो पोचतोच, त्यांना कन्नड वाचता येतं, तो त्यांच्या नोकरीचाच भाग आहे. खरी अडचण तिथून पुढची, शाळेच्या फाटकापासून घरच्या उंबऱ्यापर्यंतची.

या भागात कन्नड बोलता येणारी मराठी माणसं भरपूर आहेत, बाजारात, एसटी स्टँडवर, शेतात रोज बोलणं असतंच, पण बोलणं वेगळं आणि वाचणं वेगळं. चाळिशीच्या पुढच्या कितीतरी आया कन्नड बोलतात आणि ग्रुपवर कन्नड पीडीएफ आली की मोबाईल पोराच्या हातात देतात. पोराला वाचता येतं कारण शाळेत कन्नड शिकावंच लागतं, २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानं तर ते सगळ्याच शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं. म्हणजे सहावी-सातवीतलं पोर सरकारचं पत्र आईला वाचून सांगतंय, असं चित्र इथं घरोघर दिसतं. पोर हुशार असेल तर सगळं सांगतं, कंटाळलं असेल तर "काय नाही गं, फोटो द्यायचाय" एवढंच सांगून खेळायला जातं, आणि त्या कागदात उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख असते.

सगळ्यात जवळून हे दिसतं ते जुलैत. खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबी बाजूला घाटाचा पाऊस, ओढे भरून वाहतात, आणि जिल्हाधिकारी रात्री उशिरा नाहीतर पहाटे सुट्टी जाहीर करतात, ती सुद्धा सगळ्या जिल्ह्याला नाही, ठराविक तालुक्यांना. रजे म्हणजे सुट्टी, हा शब्द आपल्या रजेसारखाच असल्यामुळं कानाला लगेच कळतो, डोळ्याला नाही. मी बघितलेलं सांगते, सकाळी सहाला चुलीपुढं बसून एक बाई मोबाईलवरची ती गोल गोल अक्षरं न्याहाळत होती, त्यात खानापूर कुठं लिहिलंय का ते शोधत होती, पोरगं अजून झोपलेलं, उठवावं की नको हे त्या अक्षरांवर ठरणार होतं. शेवटी तिनं शेजारी हाक मारून विचारलं, "वाचा की जरा, आमचा तालुका हाय का त्यात?" होता. पण शाळेला दोन किलोमीटर चालत जाणाऱ्या पोराच्या बाबतीत हे असं शेजाऱ्यावर सोडून देण्यासारखं नाही.

आता योजनांचं. कर्नाटकात योजना चांगल्या आहेत, हे मनापासून सांगायला पाहिजे. दुपारचं गरम जेवण अक्षर दासोह नावानं चालतं. १ ऑगस्ट २०१३ ला क्षीरभाग्य सुरू झाली, पावडरीचं १५० मिली दूध, आधी आठवड्यातून तीन दिवस आणि २०१७ पासून पाच दिवस. २०२४ ला त्याच दुधातून नाचणीचं माल्ट द्यायला लागले, आणि त्याच वर्षी अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या पैशावर अंडं आठवड्याचे सहा दिवस झालं, सरकारी आणि अनुदानित शाळांत दहावीपर्यंत, अंडं खात नसेल त्याला केळं. नववीतल्या पोराला घरी रोज अंडं परवडत नाही अशी घरं इथं खूप आहेत, त्यामुळं हे लहान काम नाही.

जेवण, दूध पोरापर्यंत आपोआप पोचतं कारण ते ताटात येतं, वाचावं लागत नाही. जे कागदावरून मिळवायचं असतं ते मात्र निसटतं. एनएमएमएस ही स्कॉलरशिपची परीक्षा घ्या, आठवीतल्या मुलांची, पास झालं आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे आणि पोर सरकारी किंवा अनुदानित शाळेत पाहिजे. २०२१ ला सुरू झालेली रैत विद्यानिधी घ्या, रैत म्हणजे शेतकरी, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी. नाव ऐकून बऱ्याच मराठी शेतकऱ्यांना ती आपल्यासाठी आहे हेच कळत नाही, रयत म्हटलं असतं तर दारातून ओरडून सांगितल्यासारखं कळलं असतं.

आणि कळून अर्ज भरला तरी नावाचा घोळ राहतोच. शाळेच्या सॅट्स म्हणजे मुलांच्या ऑनलाइन नोंदीतलं नाव, आधारवरचं नाव, बँकेतलं नाव, तिन्ही इंग्रजी स्पेलिंगात जुळावी लागतात. ज्ञानेश्वर हे नाव मराठी माणूस डी-एन-वाय असं सुरू करतो, कन्नड पद्धतीनं तेच जे-एन किंवा जी-एन होतं कारण ज्ञ चा उच्चारच दोन्ही भाषांत वेगळा. आमच्या गल्लीतल्या एका ज्ञानेश्वरचं शाळेत एक आणि आधारवर दुसरं होतं, पैसे अडकले, त्याच्या वडिलांनी तीन वेळा मजुरी बुडवून फेऱ्या मारल्या, ऑफिसात प्रत्येक वेळी वेगळा कागद मागितला. चूक कुणाचीच नव्हती, दोन भाषांनी एकच नाव आपापल्या पद्धतीनं बरोबर लिहिलं होतं. शाळेत नाव घालतानाच आधार शेजारी ठेवून स्पेलिंग लिहिलं तर हा सगळा त्रास वाचतो, एवढं प्रत्येक हेडमास्तरांनी करावंच.

शाळेला मिळणारी ग्रँट ही पालकांना सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेच्या निकषाप्रमाणं पटावर ३० पर्यंत मुलं असतील तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. खडू, वीजबिल, नळाची दुरुस्ती सगळं यातून. पट कमी झाला की ग्रँट कमी, म्हणजे पत्रे गळणाऱ्या लहान मराठी शाळेलाच पैसे कमी. खर्चावर लक्ष ठेवायला एसडीएमसी असते, पालकांचीच समिती, पण तिच्या ठरावाचं पुस्तकही बऱ्याचदा कन्नडमध्येच लिहिलं जातं आणि सदस्य खाली मराठीत सही करतात. काय लिहिलंय ते आधी मोठ्यानं वाचून घ्या आणि मगच सही करा.

तब्येतीच्या बाबतीत तर भाषा अजून महत्त्वाची, कारण तिथं प्रश्न विश्वासाचा असतो. सहावीपासून पुढं आठवड्याला लोहाची निळी गोळी, लहानांना गुलाबी, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंताची गोळी, ही गोळी कसली हे आईला तिच्या भाषेत सांगितलं नाही तर ती पोराला "तोंडात धर आणि बाहेर थुंक" असंच सांगणार. मुलींच्या पॅडच्या शुचि योजनेचंही तसंच, बाईंनी वर्गात मराठीत नीट बोलून दिलं की मुली न लाजता घेतात. मनाचा त्रास, परीक्षेची भीती यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा फुकट नंबर २०२२ पासून आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं, मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहेच. हे दोन नंबर भिंतीवर मराठीत रंगवायला रंगाचा एक डबा पुरतो.

मराठीत सूचना मागणं म्हणजे कन्नडला विरोध, असं काही लोक समजतात, ते बरोबर नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीनं ३५०-अ कलम आलं, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी म्हणून. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशभर मान्य झालेल्या तरतुदींत तर असंही आहे की जिथं एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात. सीमावादाचा निकाल कधी लागायचा तो लागू दे, सुत्तोलेच्या मागच्या पानावर मराठी छापायला तोपर्यंत थांबायची गरज नाही.

तोवर काही शाळांत गुरुजी आणि बाई हे काम स्वतःच्या वेळात करतात. पीडीएफ आली की तिच्या खाली चार ओळी मराठीत टाईप करतात, काय आहे, कुणाला आहे, कागद कुठले, शेवटची तारीख कुठली, आणि ज्यांच्याकडं मोठा फोन नाही त्यांच्यासाठी तेच फाटकाच्या फळ्यावर खडूनं लिहितात.