झीज वाटता येते, पण बूटलोडर हलवता येत नाही

फेब्रुवारी 2021 मध्ये टेस्लाने अमेरिकेत सुमारे 1 लाख 35 हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मार्च 2018 च्या आधी बनलेल्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स. मोटर उत्तम, बॅटरी ठणठणीत. झिजली होती ती स्क्रीनमागची 8 जीबीची फ्लॅश मेमरी. ती गेली की स्क्रीन बंद, आणि स्क्रीनबरोबर रिव्हर्स कॅमेराही.

फ्लॅशमध्ये माहिती म्हणजे इन्सुलेटरच्या पातळ थरामागे कोंडलेले इलेक्ट्रॉन. लिहिताना-पुसताना त्यांना जास्त व्होल्टेज देऊन त्या थरातून आरपार ढकलावं लागतं आणि दर खेपेला थर थोडा खराब होतो. त्यात पुसायचं तर अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो, एकटादुकटा आकडा नाही. टेस्लाच्या चिपमधल्या ब्लॉकची क्षमता 3,000 खेपांची, आणि कंपनीच्याच हिशेबात प्रत्येक ब्लॉक रोज 1.4 वेळा झिजत होता. भागाकार केला की सहा वर्षंही भरत नाहीत.

गंमत अशी, की या जातीच्या चिपमध्ये वेअर-लेव्हलिंगची, म्हणजे झीज सारखी वाटण्याची, सोय आतच असते. चिपमधला कंट्रोलर लिखाण फिरवत राहतो, म्हणजे एकाच ब्लॉकवर सगळा भार येत नाही. पण झीज वाटली म्हणून कमी होत नाही. लिहिणारा प्रोग्रामच मोकाट सुटला असेल, तर सगळे ब्लॉक मिळून एकदमच म्हातारे होतात.

छोट्या उपकरणांत, म्हणजे वीजमीटर किंवा पंपाच्या कंट्रोलरमध्ये, फ्लॅश सांभाळणारा असा कंट्रोलरही नसतो; झीज वाटायची ती प्रोग्रामनेच. असते एक आठ पायांची स्वस्त नॉर जातीची फ्लॅश. तिचा प्रत्येक 4 केबीचा सेक्टर, म्हणजे एका वेळी पुसला जाणारा भाग, साधारण 1 लाख वेळा पुसता येतो. आणि इथे बूटलोडरची अडचण सुरू होते. वीज आल्यावर प्रोसेसर सर्वांत आधी हाच प्रोग्राम चालवतो आणि तो ठरलेल्या पत्त्यावरच शोधतो. त्यामुळे त्याला इकडून तिकडे हलवता येत नाही. वेअर-लेव्हलिंग करणारा कोडच स्वतः वेअर-लेव्हलिंगच्या बाहेर! त्याच्यासाठी एकच उपाय मला पटतो: कारखान्यात एकदा लिहा, राइट-प्रोटेक्ट करा, म्हणजे पुन्हा लिहिता येणार नाही असं कुलूप लावा, आणि विसरून जा.

पण बूटलोडरला थोडंफार लिहावं लागतंच. नवीन फर्मवेअर, म्हणजे उपकरणाचा मुख्य प्रोग्राम, आलं, ते चाललं का? दोन-तीन प्रयत्नांत नाही चाललं, तर जुन्यावर परतायचं. म्हणजे प्रयत्न मोजणं आलं. सरळमार्गी प्रोग्रामर दर बूटला, म्हणजे उपकरण सुरू होताना दर वेळी, सेक्टर पुसतो आणि नवा आकडा लिहितो. टेबलावर सगळं छान चालतं. मग एखाद्या गावात सप्लाय खराब निघतो, उपकरण दर पाच सेकंदांनी रीसेट होऊ लागतं आणि सहावा दिवस संपायच्या आत 1 लाख खेपा पूर्ण होतात.

यावरची युक्ती फार देखणी आहे. पुसलेल्या फ्लॅशमध्ये सगळे बिट 1 असतात, आणि 1 चा 0 करायला पुसावं लागत नाही. 0 चा 1 करायचा असेल तरच पुसावं लागतं. म्हणून आकडा लिहायचाच नाही. दूधवाल्याच्या हिशेबासाठी कॅलेंडरवर रोज फुली मारतात, तसा दर बूटला एक बिट खोडायचा, म्हणजे 1 चा 0 करायचा. मुख्य प्रोग्राम नीट उभा राहिला की तो शेजारचा बिट खोडतो. शेवटच्या तीन जोड्यांत दुसरा बिट तसाच दिसला, तर नवीन फर्मवेअर बिघडलेलं. 4 केबीत 32,768 बिट, म्हणजे 16,384 बूटनंतर एकदा पुसायचं. त्याच पाच सेकंदांच्या रीसेटला तोच सेक्टर कागदावर अडीचशे वर्षं पुरतो.

सेक्टर भरल्यावर मात्र जपायचं. पुसता पुसता वीज गेली तर सगळाच हिशेब जाईल. म्हणून दोन सेक्टर ठेवतात: आधी नव्यात क्रमांक आणि चेकसम (लिहिलेलं बरोबर आहे का ते तपासायचा आकडा) लिहायचा, तो बरोबर वाचता आला की मगच जुना पुसायचा. यू-बूट या प्रसिद्ध बूटलोडरमध्ये सेटिंग्जच्या दोन प्रती ठेवायची सोय आहे, ती याच भीतीपोटी.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. एसटीएम32एल4 सारख्या मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे प्रोसेसर आणि फ्लॅश एकत्र असलेल्या चिपमध्ये, दर 64 बिटांमागे चूकदुरुस्तीचे 8 बिट आपोआप लिहिले जातात. नंतर त्यातला एखादाच बिट खोडायला गेलात तर हिशेब जुळत नाही. तिथे प्रत्येक नोंदीला पूर्ण 8 बाइट खर्चावे लागतात, 2 केबीच्या पानात (तिथला एका वेळी पुसला जाणारा भाग) जेमतेम 256 नोंदी. अशा वेळी बोर्डावर घड्याळासाठी बटण-सेल असेल, तर प्रयत्नांचा आकडा त्या सेलवर चालणाऱ्या बॅकअप रजिस्टरमध्ये ठेवणं सगळ्यात स्वस्त पडतं.