पॉली आणि विल्यम: सरकारी रकान्यांत उरलेला एक संसार

31 ऑगस्ट 1888 च्या पहाटे लंडनच्या व्हाइटचॅपल भागात, बक्स रो नावाच्या गल्लीत एका बाईचं प्रेत सापडलं. ती कोण हे कळायला पोलिसांच्या हाती लागली ती तिच्या पेटीकोटच्या पट्टीवर छापलेली अक्षरं: ‘लॅम्बेथ वर्कहाउस’. वर्कहाउस म्हणजे निराधार गरिबांना कामाच्या बदल्यात जेवण आणि आसरा देणारं सरकारी ठिकाण. त्या शिक्क्याचा माग काढत पोलीस पोहोचले आणि वर्कहाउसमध्ये तिच्यासोबत राहिलेल्या एकीने तिला ओळखलं. मेरी अ‍ॅन निकोल्स, घरची पॉली. तिला कोणी मारलं यावर सव्वाशेहून जास्त वर्षं लोक शाई खर्च करत आले आहेत. मला तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या संसाराबद्दल सांगायचं आहे, कारण तो जवळजवळ पूर्ण कागदावर सापडतो आणि हे भाग्य त्या काळच्या फार थोड्या कष्टकरी जोडप्यांच्या वाट्याला आलं.

इंग्लंडमध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून सुरू झाली. 1841 पासून दर दहा वर्षांच्या जनगणनेत घरोघरच्या माणसांची नावं लिहिली जाऊ लागली. पण गरिबाचं नाव वहीत चढायचं ते त्याची गाठ चर्चशी, जनगणनेशी नाहीतर गरिबांच्या मदतनिधीशी पडली की. मधली वर्षं मोकळी.

पॉलीचा जन्म 26 ऑगस्ट 1845 चा, फ्लीट स्ट्रीटच्या आसपासचा. वडील एडवर्ड वॉकर लोहारकाम करायचे. विल्यम निकोल्स छपाईयंत्रावरचा कामगार. 16 जानेवारी 1864 रोजी दोघांचं लग्न सेंट ब्राइड्स चर्चमध्ये लागलं. तिथल्या नोंदवहीत वधूवरांच्या वडिलांचं नाव आणि धंदा यांना रकाना होता, आईला नव्हता. इंग्लंडमधल्या लग्नाच्या नोंदीत आईचं नाव यायला 2021 साल उजाडावं लागलं! त्यामुळे पॉलीची आई कॅरोलाइन त्या पानावर कुठेच नाही.

पुढे पाच मुलं झाली. 1876 मध्ये हे कुटुंब स्टॅम्फर्ड स्ट्रीटवरच्या पीबॉडी इमारतीत राहायला गेलं. जॉर्ज पीबॉडी या अमेरिकन सावकाराच्या देणगीतून कष्टकऱ्यांसाठी बांधलेली ही घरं. आपल्याकडच्या चाळीची आठवण यावी अशी, पण भाडेकरू पारखून घेतलेला: हाताला कायमचं काम हवं, भाडं वेळेवर हवं. म्हणजे त्या वर्षी निकोल्स कुटुंबाचं बरं चाललं होतं, एवढं या एका पत्त्यावरून कळतं.

1880 मध्ये संसार मोडला. का मोडला यावर नंतर पॉलीच्या मृत्यूच्या चौकशीत कोरोनरपुढे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, सासऱ्या-जावयाचे दोन सूर लागले. वडिलांच्या मते, शेवटच्या बाळंतपणात मदतीला आलेल्या बाईशी विल्यमचं जुळलं. विल्यमच्या मते, पॉली दारूपायी आधीच अनेकदा घर सोडून गेली होती. मी यात कोणाचीच बाजू घेणार नाही. मात्र कायदा सरळसरळ नवऱ्याच्या बाजूने झुकलेला होता. 1857 च्या कायद्याने घटस्फोट कोर्टातून मिळू लागला होता, पण तो खर्च मजुराच्या आवाक्यातला नव्हता. म्हणून अशी जोडपी नुसतीच वेगळी राहायची. विल्यम आठवड्याला 5 शिलिंग पोटगी द्यायचा. बायको वर्कहाउसच्या दारात गेली की तिचा खर्च अधिकारी नवऱ्याकडे मागायचे, पण ती दुसऱ्या पुरुषांबरोबर राहते हे त्याने दाखवून दिलं की त्याची सुटका. 1882 मध्ये नेमकं तेच झालं आणि पोटगी थांबली.

त्यानंतर पॉलीचा माग लागतो तो मुख्यतः वर्कहाउसच्या वह्यांत. आत आली, बाहेर गेली, पुन्हा आत आली. प्रत्येक वेळी तारीख आहे, कारण ती जेवणाखाणाच्या हिशेबाला लागायची.

या सगळ्यात तिचा स्वतःचा आवाज एकदाच ऐकू येतो. 1888 च्या वसंतात तिला वॉन्ड्सवर्थला एका घरात मोलकरणीचं काम मिळालं आणि तिथून तिने वडिलांना पत्र लिहिलं. घर आतून फार देखणं आहे, पुढेमागे झाडं आणि बाग आहे, नुकतीच रंगरंगोटी झाली आहे. मालक माणसं दारू न पिणारी, देवभक्त. तेव्हा माझं इथे जमायला हवं. काम फारसं नाही. मुलाला काम मिळालं असेल अशी आशा करते. लवकर उत्तर पाठवा. वडिलांनी उत्तर पाठवलं, पण तिच्याकडून पुढे काही आलं नाही. जुलैमध्ये ती तिथले कपडे उचलून निघून गेली. हे पत्र चौकशीत वाचलं गेलं, वर्तमानपत्रांत छापलं गेलं, म्हणून आज आपल्याला वाचता येतं.

त्याच चौकशीत एडवर्ड वॉकरांनी मुलीचं लग्न होऊन बावीस वर्षं झाल्याचं सांगितलं. चर्चच्या वहीप्रमाणे चोवीस होतात. वय त्यांनी बेचाळीस सांगितलं आणि शवपेटीवरच्या पाटीवरही बेचाळीसच कोरलं गेलं, पण जन्मतारखेप्रमाणे पाचच दिवसांपूर्वी तिला त्रेचाळीस पूर्ण झाली होती. आकडे असे चुकले. मात्र शवागारात त्यांनी मुलीला ओळखलं ते लहानपणापासून तिच्या कपाळावर असलेल्या एका बारीक खुणेवरून.