ॲनिमेशन शॉर्ट फिल्म ऑस्करला पाठवायचीय? मग आधी यूट्यूबवर टाकू नका

रेंडर झाला, साउंड मिक्स झाला की हात आपोआप अपलोडच्या बटणाकडे जातो. माझ्या एका मित्राने दीड वर्ष रात्री जागून एकट्याने केलेली नऊ मिनिटांची फिल्म पूर्ण झाली त्याच रात्री यूट्यूबवर टाकली, सकाळी व्ह्यूज बघून पठ्ठ्या खुश, आणि दोन महिन्यांनी नियम वाचायला बसला तेव्हा कळलं की स्वतःच्याच हाताने फिल्म बाद करून ठेवलीय. पात्रता मिळायच्या आधी फिल्म इंटरनेटवर किंवा टीव्हीवर जाहीर दाखवलेली चालत नाही. तुकडा टाकायचाच तर लांबीच्या 10 टक्क्यांपर्यंत, म्हणजे त्याच्या फिल्मचे फक्त 54 सेकंद!

आता पात्रता. लांबी 40 मिनिटांपर्यंत, आणि त्यात शेवटची नावंसुद्धा धरायची, त्यामुळे 38 मिनिटांची फिल्म आणि तीन मिनिटांची श्रेयनामावली असेल तर गेली. एकूण लांबीच्या किमान 75 टक्के भागात ॲनिमेशन हवं. हाताने काढलेलं, कॉम्प्युटरवरचं, क्ले, कटआउट (कापलेल्या कागदांची पात्रं), पिक्सिलेशन (खऱ्या माणसांचे एकेक फ्रेम फोटो काढून केलेलं), थेट फिल्मपट्टीवर रेघोट्या मारलेलं, सगळं चालतं, अट एवढीच की हालचाल आणि पात्राचा अभिनय फ्रेम-बाय-फ्रेम घडवलेला हवा. नटाला सूट घालून हालचाली रेकॉर्ड केल्या आणि जशाच्या तशा पात्रावर चढवल्या, तर अशा नुसत्या मोशन कॅप्चरला अकॅडमी, म्हणजे ऑस्कर देणारी संस्था, ॲनिमेशन मानत नाही. मला हा नियम पटतो. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर नऊ मिनिटांच्या 12,960 होतात, 'टू'वर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरून काम केलं तरी 6,480 चित्रं, आणि पात्र कुठे थबकणार, कुठे झटकन वळणार हे त्यातल्या प्रत्येक चित्रात कुणीतरी ठरवलेलं असतं.

स्टुडिओवाल्यांनी हे नीट वाचा: जाहिरात, ट्रेलर, मोठ्या सिनेमातला कापलेला सीन, सिरियलचा एपिसोड किंवा कुणी विकत न घेतलेला टीव्ही पायलट (सिरियलचा नमुना एपिसोड) या विभागात चालत नाही.

पात्र व्हायला तीन वाटा आहेत, त्यातली एक पुरते. पहिली, ठरवून दिलेल्या अमेरिकन शहरांपैकी एकात (लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क वगैरे) व्यावसायिक थिएटरमध्ये तिकीट लावून सलग सात दिवस फिल्म दाखवणं. दुसरी, अकॅडमीच्या यादीतल्या फेस्टिव्हलमध्ये ठरावीक पुरस्कार जिंकणं, उदाहरणार्थ फ्रान्समधल्या ॲनेसी ॲनिमेशन फेस्टिव्हलचा शॉर्ट फिल्मसाठीचा क्रिस्टल पुरस्कार. इथे लोक हमखास फसतात, कारण नुसतं सिलेक्शन झालं म्हणजे पात्रता नाही, आणि फेस्टिव्हलने दिलेला कुठलाही पुरस्कार चालतो असंही नाही, नेमका यादीत लिहिलेला तोच लागतो. तिसरी वाट विद्यार्थ्यांची. शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या फिल्मला स्टुडंट अकॅडमी अवॉर्ड्समध्ये, म्हणजे अकॅडमीच्याच विद्यार्थी स्पर्धेत, मेडल मिळालं तर ती मुख्य स्पर्धेला पात्र होते. 'अप'चा दिग्दर्शक पीट डॉक्टर, 'टॉय स्टोरी'चा दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांनाही विद्यार्थी असताना हा पुरस्कार मिळाला होता.

कागदपत्रं फार नाहीत. ऑनलाइन फॉर्म, पूर्ण श्रेयनामावली, पुरस्कार मिळाल्याचा किंवा थिएटरमध्ये लागल्याचा पुरावा, आणि फिल्मची प्रत. थिएटरसाठी डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी डिजिटल प्रत) लागते, ती शेवटच्या आठवड्यात करायला घेऊ नका. संवाद इंग्रजीत नसतील तर इंग्रजी सबटायटल्स हवीतच, आपली मराठी फिल्म असेल तर ती चांगल्या माणसाकडून करून घ्या, मशीनने केलेली लगेच ओळखू येतात. मुदतीच्या तारखा दरवर्षी हलतात, त्यामुळे त्या वर्षीचीच नियमावली उघडा, मागच्या वर्षीची पीडीएफ नको.

पुढे आधी 15 फिल्म्सची शॉर्टलिस्ट लागते, त्यातून 5 नामांकनं. नामांकनात जास्तीत जास्त दोन नावं जातात, आणि ती कल्पना आणि निर्मिती प्रत्यक्ष ज्यांच्या हातून झाली त्यांची. चार मित्रांनी मिळून फिल्म केली असेल तर कोणती दोन नावं द्यायची हे फॉर्म उघडायच्या आधीच बसून ठरवा, आणि लिहून ठेवा.