बर्फाचा खडा हातातून का निसटतो?

फ्रीझरमधून ट्रे काढला, बर्फाचा खडा उचलला, की आधी तो बोटाला चिकटतो. सरबताच्या पेल्यापर्यंत नेईतो मात्र सुळकन निसटतो आणि थेट ओट्याखाली! तोच खडा आधी चिकटला, मग निसटला. असं का बरं?

तुम्ही म्हणाल, हाताच्या उबेनं बर्फाला पाणी सुटलं, म्हणून निसटला. अगदी बरोबर. पण थंड देशांतली मुलं गोठलेल्या तळ्यावर शून्याखाली ७ अंशांतही सुसाट घसरतात. तिथं कुठून आली ऊब? माणसाच्या वजनानं बर्फ दाबला जाऊन वितळतो, असं पूर्वी सांगायचे. पण इतक्या थंडीत बर्फ वितळवायला प्रचंड दाब लागतो. साध्या बुटांनी उभ्या असलेल्या मुलाचं वजन त्याला कुठलं पुरणार? आणि घसरतं तर तेही!

खरी गंमत बर्फाच्या अगदी वरच्या थरात आहे. तुम्ही साखळी खेळता ना? मधल्यांचे दोन्ही हात धरलेले असतात, टोकाच्याचा एक हात मोकळा. म्हणून तोच सगळ्यात जास्त हेलकावतो. पाण्याचा सगळ्यात छोटा कण म्हणजे रेणू. बर्फाच्या आत प्रत्येक रेणूला चार शेजाऱ्यांनी धरून ठेवलेलं असतं. वरच्या रेणूंना मात्र डोक्यावर शेजारीच नाही! ते सैल पडतात, जागच्या जागी न राहता इकडेतिकडे सरकतात. हा थर धड पाणी नाही, धड बर्फ नाही. जाडीला तुमच्या केसाहून हजारो पट कमी. पाय घसरायला तेवढा पुरतो. वेगानं घसरलं की घासून थोडी ऊब तयार होते, मग बर्फ आणखीच निसरडा होतो.

थंडी फारच वाढली तर? वरचे रेणूही आखडून बसतात. १९११ साली अंटार्क्टिकावर तिघेजण शून्याखाली ५० अंशांच्याही खालच्या थंडीत सामानाच्या घसरगाड्या ओढत होते. पायाखालचा बर्फ त्यांना वाळूसारखा लागत होता. मला ही गोष्ट फार आवडते. इतका बर्फ, आणि घसरायची सोय नाही!

आता एक करून बघा. थोडा वेळ बाहेर ठेवलेले दोन खडे एकमेकांवर घट्ट दाबून धरा. ते जोडले जातात! मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञानं १८५० साली लंडनमध्ये हेच दाखवलं होतं. वरचा सैल थर दोन खड्यांच्या मध्ये सापडला, की त्याला दोन्हीकडून शेजारी मिळतात आणि तो गोठतो.

बोट चिकटतं तेही गोठण्यामुळंच. फक्त तिथं गोठतो तो तुमच्या बोटावरचा ओलावा.