तेलबियांच्या नमुन्यांतील कीटकनाशक अवशेष : साठवणीचा परिणाम

भुईमूग, सोयाबीन, तीळ, सरकी यांचा नमुना शेतातून उचलल्यापासून प्रयोगशाळेत तपासला जाईपर्यंत त्यातला कीटकनाशकाचा अवशेष कितपत टिकतो, याला साठवणस्थैर्य म्हणतात. हंगामातले नमुने कधी कधी महिनोन्‌महिने डीप फ्रीझरमध्ये पडून राहतात. दरम्यान औषध विघटित झाले, तर अहवालातला आकडा घटतो. फवारणी जपून केली म्हणून तो घटला की नमुना रेंगाळला म्हणून, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

शेंगदाण्यात तेल जवळपास निम्मे असते, सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के. क्लोरपायरिफॉस, सायपरमेथ्रिन अशी औषधे या तेलात मुरतात. पाण्यापेक्षा ऑक्टॅनॉलमध्ये (चाचणीत तेलाऐवजी वापरले जाणारे द्रावक) क्लोरपायरिफॉस सुमारे ५० हजार पट अधिक उतरते. तेलात गेलेल्या औषधाला पाणी फारसे भेटत नाही, त्यामुळे जलविघटन मंदावते. उडून जाणेही कमी होते. सगळ्याच औषधांना हा आसरा पुरत नाही. हुमणीसाठी भुईमुगाला पूर्वी सर्रास टाकले जाणारे फोरेट (भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी) ऑक्सिडीकरणाने सल्फॉक्साइड आणि सल्फोन बनते. तीही विषारीच, म्हणून कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या) व्याख्येत ती मूळ औषधाबरोबर मोजली जातात. नुसते फोरेट शोधणाऱ्याला जुना नमुना उगाचच स्वच्छ वाटेल.

खरा घात बहुधा दळताना होतो. दाणा अखंड असतो तोवर ठीक. फुटला की एन्झाइम आणि हवा अवशेषापर्यंत पोचतात. शेंगदाण्याचे कूट मिक्सरमध्ये जास्त फिरवले की त्याला तेल सुटते, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत आहे. प्रयोगशाळेतही तेच होते: भांडे तापते, लगदा कडेला चिकटतो आणि एकसारखा उपनमुना मिळत नाही. म्हणून गोठलेले दाणे कोरड्या बर्फाबरोबर (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंश सेल्सिअस) दळतात. मग कोरडे, भुरभुरीत पीठ निघते. ते फ्रीझरमध्ये ठेवताना डब्याचे झाकण सैल हवे, नाहीतर उरलेल्या कोरड्या बर्फाचा वायू साठून डबा फुगतो. कॅप्टान, क्लोरोथॅलोनिल यांच्यासारख्या नाजूक बुरशीनाशकांसाठी ही खबरदारी विशेष महत्त्वाची.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००७ च्या ५०६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत पिकांचे पाच गट आहेत: जास्त पाणी, तेल, प्रथिने, स्टार्च आणि आम्ल असलेले. औषध नसलेल्या नमुन्यात ठरावीक मात्रा मिसळून तो साधारण उणे १८ अंशांवर किंवा त्याखाली ठेवतात आणि ठरावीक अंतराने तपासतात. प्रत्येक वेळी ताजी मात्रा मिसळलेला नमुनाही सोबत चालवतात. तोच कमी भरला, तर दोष साठवणीचा नसून पद्धतीचा. घट ३० टक्क्यांच्या पुढे गेली, तर ती लक्षणीय मानतात. गोठवलेला नमुना ३० दिवसांच्या आत तपासला, तर एरवी वेगळा पुरावा लागत नाही. बाष्पशील किंवा अस्थिर औषधे मात्र याला अपवाद.

भारनियमनात फ्रीझर बंद पडून नमुना वितळला आणि पुन्हा गोठला, तर नोंदवहीतले ‘उणे १८’ निरुपयोगी. दळलेल्या नमुन्यातले तेल अशा वेळी वेगळे होऊन तळाशी वा कडेला जमते, आणि तेलात मुरलेले औषधही त्याच्यासोबत जाते. असा नमुना वजन करण्यापूर्वी गोठलेल्या अवस्थेतच पुन्हा दळावा लागतो.